उत्तर राहिलेली पत्रे

गेल्या वर्षी आम्ही एकटेच सिंगापूर आणि मलाक्का पाहून आलो. सिंगापूरला आमचा सेमिनरीतील एक सोबती राहतो. गुरुदीक्षेपूर्वीच तो सेमिनरी सोडून गेला. पुढे त्याने पाठविलेल्या दोन पत्रांना आम्ही उत्तर दिले नव्हते. गगनचुंबी इमारतीतील आपल्या घरी त्याने आमचे प्रेमाने आतिथ्य केले. परंतु पूर्वीचे ‘तू’ जाऊन ‘फादर, तुम्ही’ आले होते. तेच मनात सलत राहिले.

मलाक्का त्या मानाने ठेंगणे, जुनाट शहर. टेकडीवरील संत पौलाच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जाळीखाली एक रिकामे थडगे आहे. गोव्यास नेण्यापूर्वी, १५५३ साली, संत फ्रान्सिस झेवियरचा देह येथे पुरला होता. १५४६ साली आंबोइनाहून लिहिलेल्या पत्रात हा संत म्हणतो, की सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या हातची नावे कापून घेऊन ती आपण सदैव जवळ बाळगतो. आणि आम्ही? आम्ही अख्खी पत्रेच बाजूला सारली होती!

त्याच रात्री आम्ही मित्राला क्षमेचे पत्र लिहिले. महिन्याने उत्तर आले. पहिलाच शब्द होता, ‘अरे’.

वाचकहो, आपलेही एखादे उत्तर राहिले असेल, तर आजच लिहा.