आऊट

सायकलचे चाक फिरताना डावीउजवीकडे डोलू लागले, की आमच्याकडे त्याला 'आऊट आला' म्हणतात. इंग्रजीतले एक साधेसे क्रियाविशेषण मराठी दुकानात येऊन नाम झाले, आणि काटा किंवा दृष्ट काढावी तसा आऊट काढण्याची विद्याही रूढ झाली. ही विद्या आम्हांस अर्धीच आली. त्या अर्धेपणाचीच ही हकीकत.

महाड औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला, बिरवाडीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये एक मामा सायकली दुरुस्त करीत. रासायनिक कारखान्यांची पाळी सुटली की शेडसमोर काळ्या बावीस इंची सायकलींची रांग लागे. आमचे वडील त्या रांगेतलेच एक. महाविद्यालयाच्या सुट्टीत आम्ही तिथे जाऊन बसत असू. मराठीचा विद्यार्थी तिथे काय करतो, असे मामांनी कधी विचारले नाही.

ते सायकल उलटी करून चाक फिरवीत आणि चिमट्याशी खडू धरीत. रिमवर जिथे खडूची रेघ उमटे, तिथे ती खडूच्या बाजूला कललेली. मग त्या बाजूच्या तारा किंचित सोडायच्या, पलीकडच्या आवळायच्या. निप्पलला एका वेळी पाव फेरा, अधिक नाही. (कोशात 'आरा', दुकानात 'तार'; आम्ही दुकानाच्या बाजूने आहोत.) एवढे आम्ही चार दिवसांत शिकलो. मामांचे खरे काम मात्र रिम सरळ झाल्यावर सुरू होई. ते नखाने एकेक तार छेडीत. मागच्या चाकाला 40 तारा. फ्रीव्हीलकडच्या मुळातच अधिक ताणलेल्या, म्हणून त्यांचा स्वर चढा. तेव्हा एका बाजूची तार त्याच बाजूच्या तारांशी ताडून पाहायची. ताण चौपट झाला तर स्वर वरच्या षड्जाला पोचतो. म्हणजे ताणात पुष्कळ फरक असूनही कानाला तो थोडाच जाणवतो. म्हणून मामा एकच तार दोनदोनदा वाजवीत.

"डोळ्याला सरळ दिसलं म्हणजे झालं नाही रे," ते म्हणत, "ऐकून बघ."

आम्ही ऐकल्यासारखे करीत असू.

एके दिवशी दुकान बंद होते आणि वडिलांच्या मागच्या चाकाला आऊट आला होता. आम्ही अंगणात सायकल उलटी केली, खडू धरला आणि तासाभरात चाक असे सरळ केले, की वडील कौतुकाने दोनदा फिरवून पाहत राहिले. तारा छेडण्याची आठवण झाली होती, हे लपवीत नाही, कंटाळा केला. पंधरवड्याने पहाटे पाळीवरून येताना, कॅरिअरवर तांदळाचे पोते असताना, पाठोपाठ तीन तारा गेल्या, रिम चिमट्यात अडकली आणि वडील पडले. उजवे मनगट मोडले.

आमची समजूत अशी, की फार आवळलेल्या तारा तुटल्या असाव्यात. मामांनी उरलेल्या तारा आम्हांकडूनच वाजवून घेतल्या. तुटलेल्यांच्या शेजारच्या कर्कश कडक होत्या. त्यांनीच रिम ओढून सरळ ठेवली होती. तुटल्या त्या ढिल्या. जॉब्स्ट ब्रँट यांचे सायकलच्या चाकावरचे 1981चे पुस्तक पुढे वाचनात आले, त्यात याचा उलगडा मिळाला. भार पडला की चाकाच्या तळाशी येणाऱ्या तारांचा ताण कमी होतो. पुरेशी ताणलेली तार तेवढे सोसते. ढिली तार प्रत्येक फेऱ्यात पुरती सैल पडते, पुन्हा ओढली जाते आणि हबपाशी, जिथे ती वाकवलेली असते, तिथे धातू थकत जातो.

पुढे वर्गात वृत्ते शिकवताना हे चाक नको तेव्हा आठवे. विद्यार्थी भुजंगप्रयातातली स्वतःची ओळ घेऊन येतो. चार यगण, बारा अक्षरे, बोट ठेवायला जागा नाही. मोठ्याने वाचली की कळते, एका शब्दाच्या ऱ्हस्वाला ओढून दीर्घ केले आहे आणि त्याच्या शेजारी 'तो', 'की', 'ही' नुसते भरणीला उभे आहेत. आम्ही ओढलेल्या शब्दावर खूण करीत असू. अलीकडे भरणीच्या शब्दांवर करतो. मुले नाराज होतात. ओळ मोजून दाखवतात.

वडिलांनी त्या पहाटेविषयी आम्हांस एका शब्दानेही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. मनगट जुळले, पण किंचित तिरके. 22 जुलै 2021च्या पुरात महाडात पाणी शिरले तेव्हा ती सायकल दोन दिवस चिखलात होती. निप्पल गंजून एकजीव झाले. मामांचे दुकान त्याआधीच उठलेले. आम्ही जुन्या तारा कापून काढल्या, नव्या 40 भरल्या, आऊट काढला, छेडून पाहिले, पुन्हा छेडले. सारे जुळल्यासारखे वाटले.

वडील ओट्यावर बसून पाहत होते. ते उठून आले, त्याच हाताच्या नखाने फ्रीव्हीलकडच्या तारा एकेक वाजवीत गेले आणि एकीपाशी थांबले.

"ही जरा खाली आहे," म्हणाले.

आम्ही चावी लावली.