अण्णांचें घोरणें

घोरणाऱ्या माणसास हंसणें ही आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली करमणूक आहे. लग्नघरीं पाहुणेमंडळी एका खोलींत निजलीं, कीं सकाळच्या चहाबरोबर कोणाच्या तरी घोरण्याची नक्कल व्हावयाचीच. कुंभकर्णाचें नांव घेतलें कीं प्रकरण मिटतें. शिवाय, जो घोरतो तो गाढ झोंपतो, ही समजूत इतकी दृढ, कीं घोरणाऱ्याचा थोडा हेवाच वाटावा. दांत पडण्याचीही तीच गत. दांत गेला, वय झालें. आणि वयाला इलाज नाहीं! या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, आणि तो दाखवून देणारा मनुष्य दंतवैद्य असेल, हें मला माझ्या वडील बंधूंच्या निमित्तानें कळलें. घरोघरीं एखादे अण्णा असतातच, म्हणून तें येथें सांगतों.

आमचे अण्णा बहात्तर वर्षांचे. त्यांचें घोरणें माडीवर ऐकूं येई, आणि नातवंडें त्याला ‘मालगाडी’ म्हणत. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, हें जाणणारी घरांत एकच व्यक्ति होती. ती म्हणजे वहिनी. एकदां त्या मला म्हणाल्या, “भावजी, घोरण्याची मला चाळीस वर्षांची संवय आहे. तें मध्येंच थांबतें ना, तेव्हां जीव थाऱ्यावर राहत नाहीं. मी मनांत आंकडे मोजीत पडून राहतें. कधीं पंधरा, कधीं वीस. मग हे दचकून मोठा श्वास घेतात, आणि पुन्हां चालूं.” अण्णांना सकाळीं यांतलें कांहींच आठवत नसे. डोकें जड आहे, एवढेंच ते म्हणत. आणि वर्तमानपत्राचें दुसरें पान उलटण्यापूर्वीं त्यांची मान कलंडे. रक्तदाबाच्या गोळ्या दोनांच्या तीन झाल्या होत्या.

निमित्त झालें तें एका दाढेचें. दाढ पाहून झाल्यावर दंतवैद्य बाई अण्णांच्या झिजून सपाट झालेल्या दांतांकडे आणि जिभेच्या कडांवर उमटलेल्या दांतांच्या ठशांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनीं विचारलें, “काका, रात्रीं घोरतां का? दिवसां डुलकी येते का?” अण्णा कातावले. “दाढ दुखते आहे माझी, झोंप नव्हे!” पण सोबत वहिनी होत्या. त्यांनीं आंकड्यांचा सगळा हिशेब बाईंपुढें मांडला.

बाईंनीं जें समजावून सांगितलें तें असें. झोंपेंत जिभेचे व घशाचे स्नायु सैल पडतात. मनुष्य उताणा निजला असला तर खालचा जबडा मागें सरकतो, त्याबरोबर जीभही मागें जाते, आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेनें हवा जातांना टाळूचा मागचा मऊ भाग थरथरतो; तेंच घोरणें. वाट पुरती मिटली, कीं छाती धडपडत असूनही हवा आंत जात नाहीं. मग मेंदु त्या माणसास अर्धवट जागें करतो, आणि तो दचकून श्वास घेतो. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर त्याची एक वेळ धरतात. असें तासांत पांच ते पंधरा वेळां झालें तर विकार सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि त्यापुढें तीव्र. रात्रभर असें चाललें तर झोंप गाढ कोठून व्हावयाची?

बाईंची एक गोष्ट मला फार आवडली. निदान त्यांनीं स्वतः केलें नाहीं. तें काम डॉक्टरांचें म्हणून अण्णांना तिकडे धाडलें. अंगास तारा लावून एक रात्र तपासणी झाली, आणि आंकडा निघाला बावीस. डॉक्टरांनीं नाकावर मुखवटा बांधून हवेच्या सौम्य दाबानें घसा उघडा ठेवणारें यंत्र सुचविलें. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेला हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा, आणि ज्याला तो सोसतो त्यानें तोच करावा. अण्णांना सोसला नाहीं. पंधरा दिवसांनीं त्यांनीं ती ‘गणपतीची सोंड’ उशाशीं ठेवून दिली.

तेव्हां डॉक्टरांनींच त्यांना पुन्हां दंतवैद्य बाईंकडे पाठविलें. अशा माणसांसाठीं दांतांवर बसविण्याचें साधन असतें. वरच्या व खालच्या दांतांचे ठसे घेऊन दोन पट्ट्या करतात, आणि खालचा जबडा कांहीं मिलिमीटर पुढें राहील अशा रीतीनें त्या जोडतात. जबडा पुढें आला, कीं जीभही पुढें येते. यंत्र न सोसणाऱ्यांस हें द्यावें, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थांनींही २०१५ सालीं सांगितलें आहे.

पण खरी अडचण येथेंच आली. साधन दांतांस धरून राहतें, आणि अण्णांचे दांत आहेत किती? खालच्या चार दाढा त्यांनीं वेळोवेळीं उपटून टाकविल्या होत्या. ‘कटकट गेली’ हें आमच्या पिढीचें दंतशास्त्र. कटकट जात नाहीं. मोकळ्या जागेकडे शेजारचे दांत कलतात, समोरचा दांत लांबून खालीं येतो, आणि ज्या हाडानें दांत धरला होता तें हाड झिजूं लागतें. बोलण्याचें तर मला विचारा! पायरीवरून घसरून माझे वरचे पुढचे दोन दांत गेले तेव्हां मी अजून वर्गावर होतों. त-वर्ग, ल आणि स यांना दन्त्य कां म्हणतात, हें त्या महिन्यांत माझ्या विद्यार्थ्यांना जितकें स्पष्ट समजलें तितकें आधींच्या वीस वर्षांत कोणाला समजलें नसेल.

सुदैवानें अण्णांचे उरलेले दांत पुरेसे घट्ट निघाले. आधीं हिरड्यांचा उपचार झाला, मग साधन बसलें. पहिले कांहीं आठवडे सकाळीं कानापुढें दुखे. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडावें म्हणजे जबड्याचा सांधा हलतांना कळतो. दुखे तें तेथें. सुश्रुतानें ‘हनुमोक्ष’, म्हणजे हा सांधा निखळणें, दंतरोगांतच गणला आहे. मला आतां त्यांत नवल वाटत नाहीं. बाईंनीं सकाळचा व्यायाम सांगितला, जबडा पुढें घेण्याचें प्रमाण थोडें कमी केलें, आणि चावतांना वरखालचे दांत नेहमींसारखे जुळतात कीं नाहीं, हें दर खेपेस पाहूं लागल्या. हीं साधनें वर्षानुवर्षें वापरल्यानें ती जुळणी बदलूं शकते. झोंपेंत दांत खाणाऱ्यांस त्यांनीं अधिक जपण्यास सांगितलें. आमच्याकडे दांत खाणाऱ्या पोराला जंतांचें औषध देत असत!

तीन महिन्यांनीं पुन्हां तपासणी झाली; कारण घोरणें थांबलें म्हणजे श्वास सुधारला, असें नुसत्या कानानें ठरवितां येत नाहीं. आंकडा आठ आला.

आतां वाद आहे तो त्या चार रिकाम्या जागांचा. काढघाल करतां येणारे दांत स्वस्त पडतात. हाडांत टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दांत उभारणें महाग. स्वीडनच्या ब्रॅनमार्क यांनीं १९६५ सालीं पहिल्या माणसावर केलेली ही युक्ति आतां आपल्या तालुक्याच्या गांवींही होते. नवे दांत बसले तर साधनही नवें करावें लागेल, म्हणून जें करावयाचें तें लवकर ठरवा, असें बाई म्हणतात. अण्णा म्हणतात, या वयांत चार दाढांसाठीं एवढा पैसा कोण घालतो. वहिनी कांहीं म्हणाल्या नाहींत. त्यांनीं मंगळवारची वेळ घेऊन ठेविली आहे.