भीड

आपल्याकडे ‘भिडस्त’ हा शब्द बहुधा कौतुकानेच उच्चारला जातो. मुलगा भिडस्त आहे म्हटले, की तो मर्यादशील आणि घरंदाज आहे असे समजायचे. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणही आपल्याच पूर्वजांची. पण तिचा अर्थ आम्ही पैशाअडक्यापुरता घेत आलो. भिडेपोटी उसने द्यावे आणि मग स्वतःच हात पसरावे, एवढाच. तिचा दुसरा अर्थ उमगायला आम्हाला बासष्टी गाठावी लागली.

१९६६ साली, आम्ही सात वर्षांचे असताना आमची आई गेली. वडिलांची रेल्वेतली फिरतीची नोकरी. त्यामुळे आमची रवानगी इंदूरला काका-काकूंकडे झाली. काका शाळामास्तर, पदरी तीन मुले, आम्ही चौथे. घराणे होळकरशाहीत देशावरून आलेले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला; आजोबांनी एकाच हयातीत तीन राजवटींची चाकरी केली होती. ‘आपण परमुलखातली माणसे, चार जणांचे मन राखून असावे,’ असे ते नेहमी सांगत. हा उपदेश बाहेरच्या जगासाठी होता. आम्ही तो घरातल्या घरातच पाळू लागलो.

थंडीच्या दिवसांत, पगार झाला की काका मुलांना रात्री सराफ्यात नेत. सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याची दुकाने लागतात. तिथे कढईतून निघालेले गराडूचे तुकडे, वर जिरावण आणि लिंबू. तो वास अजून आठवतो. पहिल्याच हिवाळ्यात काका खिशातली नाणी पुन्हा पुन्हा मोजताना आम्ही पाहिले आणि म्हणालो, “मला गराडू आवडत नाहीत.” काकांनी हुश्श केले. दुसऱ्या दिवशी काकू शेजारणीला सांगत होती, “इतकं समंजस लेकरू! कधी काही मागत नाही.”

काकूने ते कौतुकाने म्हटले होते. आम्ही मात्र त्याला करारनामा समजलो. मागणार नाही तोवर या घरात आपल्याला जागा आहे, असे त्या वयात मनाने घेतले, आणि पुढे कितीतरी वर्षे ते कलम आम्ही कधी तपासून पाहिले नाही. लग्न झाल्यावर काकूने सुनेला पहिल्याच हिवाळ्यात बजावले, “याला गराडू चालत नाहीत हो.” घरात गराडू तळले जात, बशी आमच्यापुढून सरकत पलीकडे जाई, आणि आम्ही हसून पाहत असू.

१९८४ साली शासकीय सेवेत लागलो. तिथेही हाच करार चालू ठेवला. सणासुदीची कामे आमच्याकडे, वरिष्ठांची भाषणे आमच्या लेखणीतून, कोणाच्या घरचे कार्य निघाले की त्याचा टेबल आमच्याकडे. एप्रिल २००४ मध्ये उज्जैनच्या सिंहस्थात आमची नेमणूक झाली. त्याच महिन्यात पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. उज्जैन ते इंदूर अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमची चौदा वर्षांची मुलगी एकटी बसली होती. पुढे पत्नीने एवढेच विचारले, “तुम्हाला रजा नाकारली, की तुम्ही मागितलीच नाही?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. रजेचा अर्ज आम्ही लिहिलाच नव्हता.

२०२१ साली निवृत्त झालो. महिनाभरात फोन थंडावले. याचे दुःख झाले, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची? त्या मंडळींना आमचा होकार हवा होता, आणि त्याची पोच त्यांनी वेळच्या वेळी दिलेली होती. प्रेम ही वेतनासारखी कमवायची वस्तू आहे, हा हिशेब आमचा. त्यांनी तसे वचन कधीच दिले नव्हते.

त्या डिसेंबरात काकूला भेटायला गेलो. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची, थोरल्या चुलतभावाकडे असे. बोलता बोलता आम्ही गराडूची गोष्ट सांगून टाकली. खरे सांगायचे तर त्यातही कौतुकाची अपेक्षा होती. लहानपणीचा आमचा त्याग ऐकून तिला भरून येईल, असे वाटले होते. तिला भरून आले, पण रागाने.

“म्हणजे तुला आवडतात? अरे, पंचावन्न वर्षं मी तुझ्यासमोरून बशी उचलली. माझ्याकडून केवढं पाप करवलंस!” थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “पैसे नव्हते हे खरं. पण मागायचं होतंस. एकातले चार वाटे केले असते. माझी माया काय मोजून-मापून होती?”

आम्ही खाली मान घालून बसलो. जिने आईविना पोराला वाढवले, तिला आपण हिशेबी ठरवले होते, हे प्रथमच कळले. आपली आवड-नावड, आपली भूक आम्ही तिच्यापासून लपवली. मग ती माया करणार तरी कोणावर? ती एका समंजस मुलावर जीव लावत राहिली, आणि आम्ही त्याच्याआड उभे राहून उपाशी राहिलो. म्हणीतली भीक ती हीच.

दुसऱ्या दिवशी तिने सुनेकडून गराडू तळून घेतले. स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही. तिला पचत नसत. समोर बसून म्हणाली, “खा. आणि कसे झालेत ते खरं सांग.”

आम्ही म्हणालो, “मीठ कमी आहे.”

काकू हसली आणि मीठ आणायला स्वतः उठली.

पुढच्या भाद्रपदात ती गेली. दुसरा हिवाळा आम्हाला लाभला नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ‘कधी काही मागत नाही’ असे मूल असेल, तर त्याचे चारचौघांत कौतुक करण्याआधी त्याला जवळ घेऊन काय हवे ते विचारावे. पहिल्यांदा ते ‘काही नको’ असेच म्हणेल. तेव्हा पुन्हा विचारावे.