आम्ही लपविलेला आकडा

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो तेव्हापासून आयुष्य आकड्यांत गेले. जमाखर्चात एक रुपया जुळला नाही तर आम्हाला जेवण गोड लागत नाही. तरीही एक आकडा आम्ही जाणूनबुजून खोटा लिहविला. त्याची ही कबुली.

२०१६ चा उन्हाळा. जालना जिल्हा दुष्काळात होरपळत होता. अंबड तालुक्यातील आमच्या गावी थोरले बंधू दोन एकर कोरडवाहूत कापूस करीत. पीक बुडाले, सावकाराचे देणे वाढले. बंधू बोलेनासे झाले. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. कोणी म्हणाले बाहेरचे लागले, कोणी म्हणाले आळस भरला.

अशात गावच्या आशाताई घरी आल्या. राज्य सरकारने २०१५ साली मराठवाड्याच्या आठही आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला होता. घरोघर विचारपूस करायची आणि खचलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे, असे ते काम. ताईंनी विचारले, "दादा, झोप लागते का? जगणं नकोसं वाटतं का?"

बंधूंनी मान खाली घातली. आम्हीच घाईने म्हणालो, "तसं काही नाही ताई. सगळं ठीक आहे, लिहा."

घरात लग्नाची पुतणी होती. लोक काय म्हणतील, ही धास्ती. आणि आम्ही कोण? तर वस्त्यावस्त्यांतून अंधश्रद्धेवर भाषणे देणारे कार्यकर्ते!

पुढे या विषयावर वाचले, तेव्हा आपण काय केले ते उमगले. दवाखान्यात जो येतो तोच तिथल्या वहीत मोजला जातो. घरात तोंड लपवून बसलेला मोजलाच जात नाही. म्हणून मानसिक आजाराची कारणे शोधायची तर दारोदार जावे लागते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत अशी पाहणी केली. प्रौढांमध्ये १०० पैकी १० हून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. कमी उत्पन्नाच्या घरांत आजाराचे प्रमाण अधिक होते. म्हणजे हा दोष नशिबाचा किंवा करणीचा नव्हे. माणूस कोणत्या परिस्थितीत जगतो, याच्याशी त्याचा संबंध आहे.

आणि परिस्थितीला उपायही असतो. आपल्या शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी बैठका घेतल्या, घरी जाऊन धीर दिला, गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांशी जोडून दिले. आधी नैराश्यग्रस्तांपैकी १०० मागे जेमतेम ४ जण मदत घेत, दीड वर्षानंतर २७ जण घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लोकांनी खरे सांगितले म्हणूनच हा हिशेब मांडता आला.

आठ दिवसांनी आशाताई पुन्हा आल्या. बहुधा त्यांनी आमचे खोटे ओळखले होते. "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा," म्हणाल्या. आम्ही ओट्यावर बसलो. आतून बंधूंच्या रडण्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांत तो पहिला आवाज. जालन्याला उपचार सुरू झाले. कर्ज काही गोळ्यांनी फिटले नाही, पण ते फेडायला बंधू उभे राहिले. पुतणीचे लग्नही झाले. कोणी मोडले नाही.

मधल्या त्या आठ दिवसांत काही बरेवाईट झाले असते तर? ही आठवण आजही झोपू देत नाही.

म्हणून माताभगिनींनो, बांधवांनो, घरी कोणी विचारायला आले तर आजारी माणसाला स्वतः बोलू द्या. कोणी येण्याची वाटही पाहू नका. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो. आमच्यासारखी चूक आपल्या हातून होऊ नये, एवढीच विनंती.