आमराईसह वाडा

मौद्याकडे एखादा वाडा विकायला निघाला की फाटकाशी पहिला येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. राहायला घर शोधणारा फार उशिरा येतो, बहुतेकदा येतच नाही. लाकूडवाला सपरीत चढतो, खांबाला दोरी गुंडाळून घेर घेतो, नखाने जुना रंग खरवडून आतलं सागवान पाहतो आणि माडीवर जाऊन तुळया ठोकत ठोकत पुढे सरकतो. पोकळ वाजलं की वाळवी. भरीव वाजलं की थांबतो, वहीत आकडा टाकतो. माती, विटा, कवेलू यांच्याकडे तो बघतही नाही. त्याचा हिशेब घनफुटांचा. त्याच्या पाठोपाठ जमिनीचा दलाल येतो, त्याचा चौरस फुटांचा. दोघांचे आकडे जुळले की वाड्याची किंमत ठरते.

यंदा मे महिन्याच्या शेवटी मी असा एक वाडा पाहून आले. गाव मौद्यापासून थोडं आत आहे. घरात हिश्श्यांचं बोलणं अजून चालू आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. दलालाच्या कागदावर सगळं एका ओळीत मावलं होतं: मालगुजारी वाडा, जोडीला विहीर, आमराई, तलावाकडची बाजू मोकळी, नागपूर-भंडारा महामार्ग जवळ. नागपूर इथून पस्तीसेक किलोमीटर. शनिवार-रविवारी येऊन राहणाऱ्यांना अंतर सोयीचं, असं तो सांगत होता.

मी गिऱ्हाईक म्हणून गेले नव्हते. माझा आजा या वाड्याचा कूळ होता. धानाच्या बांध्या त्याने कसल्या, लगान याच सपरीत आणून भरलं आणि चपला फाटकाबाहेर काढून उभ्यानेच परत फिरला. 'आमी सपरीपर्यंतच,' असं तो सांगायचा, तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतं माप सांगितल्यासारखं. सपरीच्या पुढे काय आहे ते आमच्या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. मालकीणबाईंनी मला, 'या ना बाई, आत या,' म्हटलं तेव्हा उंबरठ्यावर माझा पाय क्षणभर अडखळला, हे खरं आहे.

आत चौक. चौकाच्या तिन्ही बाजूंनी पडव्या, चौथ्या बाजूला माजघर आणि त्याच्या मागे धानाची खोली. या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या ढोल्या भिंतीला लागून अजून उभ्या आहेत, माणसाहून उंच. तळाशी धान काढायचं भोक असतं, त्याला चिंध्यांचा बोळा कोंबलेला. एका ढोलीचा बोळा मी ओढला तर मूठभर तूस आणि चार दाणे हातावर आले. लिंपणावर बोटांचे पट्टे स्पष्ट होते, अर्धवर्तुळात फिरवलेले, बाईच्या हाताचे. ती बाई घरातली नसणार. वाड्याच्या ढोल्या लिंपायला गावातल्या बायका यायच्या, माझी आजीही त्यांत असेल. सपरीच्या पुढे आमच्याकडचं कुणी गेलं नव्हतं म्हणतात खरं; पण कामाला मागच्या दाराने जाणाऱ्या बाईला कोण मोजतं?

हे वाडे ज्या मालगुजारीने उभे केले तिचं आयुष्य शंभर वर्षांचंही नव्हतं. भोसल्यांच्या राज्यात पाटील गावाचा सारा वसूल करायचा, पण गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात पाटलांना, मक्तेदारांना, कधी सावकारांना गावंच्या गावं मालकीहक्काने लिहून दिली गेली. वसूल करणारा मालक झाला. त्याच्या दारात बंड्यांची रांग लागली, लगान आलं, बिगार आली, आणि जंगलातून सागाचे सोट आले. खांब ज्यांनी खांद्यावरून आणले त्यांतल्या कितींना मजुरी मिळाली हे कोणत्याही वहीत सापडायचं नाही.

३१ मार्च १९५१ रोजी हे संपलं. मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने मालकीहक्क काढून घेतले. मालगुजाराकडे घरची सीर-खुदकास्त जमीन, वाडा, त्याचं आवार, आवारातली झाडं आणि विहीर एवढं उरलं. गावाची मिळकत गेली आणि गावाएवढं घर मागे राहिलं. दर चार-दोन वर्षांनी कवेलू फेरायचे, वाळवी लागलेली फळी बदलायची, पावसाने खाल्लेली भिंत पुन्हा लिंपायची. धानाच्या काही एकरांवर हे होत नाही. मुलं शिकली, नागपूरला, पुण्याला, रायपूरला गेली. या वाड्यात आता मालकीणबाई एकट्या दोन खोल्या वापरतात. बाकीच्या खोल्यांना कुलूप नाही. सडलेल्या दारांना कुलूप बसत नाही.

विकायला काढला म्हणून त्यांना कुणी बोल लावू नये. नणंदांचे हिस्से द्यायचे आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर वाटा दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. ज्या घरातून लेकी एका लुगड्यावर सासरी गेल्या त्या घराच्या किमतीत त्यांना पैसा मिळतोय, यात वाईट काय? वाडे विकले जातात म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हेही बघावं.

विलायतेतही हे झालं, आपल्याहून मोठ्या प्रमाणावर. शेतीचं उत्पन्न घसरलं, वारसाकर वाढला, दोन महायुद्धांनी माणसं आणि नोकर नेले, आणि विसाव्या शतकात तिथले शेकडो जुने ग्रामीण वाडे पाडले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या पडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं. कोसळत्या खांबांच्या आकारात नाहीशा झालेल्या घरांचे फोटो लावले होते आणि ध्वनिमुद्रित आवाजात एकेका घराचं नाव वाचलं जात होतं. नुसती नावं. लोक ती ऐकत उभे राहत. त्यानंतर तिथे जुनी घरं वाचवण्याच्या बोलण्याला जोर आला.

आमच्याकडे तशी यादी वाचायची म्हटली तर अडचण आहे. इथल्या वाड्यांना नाव नसतं. गावात तो नुसता वाडा असतो. नावं आहेत ती आमराईतल्या झाडांना.

आमराई दाखवायला जुने सालदार काकाजी आले. या घरात बारा वर्षांचे असताना ढोरं राखायला लागले, आता पंचाहत्तरीच्या पुढे असतील. हातात काठी, पण काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. 'हा शेंदऱ्या, जी. पिकला का नाकावर लाल होते. हा शोप्या, याले शोपेचा वास येते, लहान लेकरं ओळखते डोळे मिटून. हा खोबऱ्या, कच्चाच खावा. हे गोटी, बुडाची फांदी पडली इच्यी, पर बहर सोडत नाही.' एका झाडापाशी ते काही बोलले नाहीत. मी विचारल्यावर म्हणाले, 'हा लोणच्या. माह्या मायचा झाड हाये हा. तिनंच पाणी घातलं, तिसऱ्या सालापर्यंत.' मालकाच्या आवारातलं झाड, आईचं. दोन्ही गोष्टी त्यांना एकाच दमात खऱ्या वाटत होत्या, आणि मलाही.

पाड लागायला सुरुवात झाली होती. खाली पडलेला एक शेंदऱ्या त्यांनी धोतराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. साल जाड, देठाशी चीक सुकून काळा पडलेला, नाकावर कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाली. चोखायचा आंबा. दातांत धागे अडकतात, रस कोपरापर्यंत ओघळतो, आणि गोडीच्या मागून एक आंबटशी कळ जिभेच्या कडेला येते, ती हापूसमध्ये कधी सापडणार नाही.

जास्त महत्त्वाची गोष्ट मात्र चवीच्या पलीकडची आहे. हापूस हा कलमाचा आंबा. कोकणातल्या एका बागेतला गेला तरी दुसरीकडे तोच आहे. आपल्याकडचा गावरान आंबा कोयीपासून उगवतो, आणि कोयीतून आईसारखं झाड येत नाही; परपरागाने प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून आमराईतलं प्रत्येक झाड जगात एकच. शेंदऱ्याच्या शंभर कोया लावल्या तरी त्यांतून शेंदऱ्या निघेलच असं नाही. कलम न बांधता हे झाड तुटलं की ही चव संपली. वाड्याचे खांब निदान दुसऱ्या कुणाच्या बंगल्यात पुन्हा उभे राहतील, शेंदऱ्या कुठेही पुन्हा उभा राहणार नाही.

म्हणून मी इथे उघडच लिहिते: वाडा गेला तरी मला सोसेल, आमराई जाऊ नये. वाडा एका घराचा होता. आमराई कागदावर त्या घराची, पण पडलेला आंबा वेचणाऱ्याचा, ही रीत इथे मालगुजारीतही मोडली नाही. वादळ झालं की पहाटे गावातली सगळी पोरं फडकी घेऊन इथे. झाडावरचा उतरवलेला माल मालकाचा, आढीत त्याच्या, जमिनीवरचा आमचा. आज्याने वाड्याबद्दल जे सांगितलं त्यात गोड असं एवढंच होतं.

तलावही दलालाच्या कागदावर आहे, निदान त्याची हवा आहे. तो मात्र कुणालाच विकता येत नाही. पूर्वी मालगुजारांकडे असलेले असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत, भंडारा-गोंदियाकडे तर कोहळी समाजाच्या हातचे. माजी मालगुजारी तलाव म्हणून ते सरकारदरबारी नोंदले गेले आणि लोकांनी त्यांना मामा तलाव करून टाकलं. १९५१ मध्ये ते सरकारजमा झाले. नंतर गाळ भरला, पाळी फुटल्या, लक्ष कमी झालं, हे सगळं मान्य. तरी या तलावाच्या पाण्यावर आज पाच-पंचवीस कास्तकारांचा धान उभा राहतो आणि त्यांतल्या एकालाही वाड्यात जाऊन हात जोडावे लागत नाहीत.

विहिरीचं तसं नाही. विहीर आवारात, म्हणजे ती विकली जाईल. दगडी बांधणी, मोटेचं थारोळं अजून शाबूत, आणि पाणी मे महिन्यातही हिरवंगार खोल. नळाला पाणी आलं नाही की मागच्या आळीतल्या बायका सांदवाडीतून इथे येतात. पायवाट पडलेली आहे. आम्ही उभे होतो तेव्हा दोघीजणी भरून गेल्या. दलालाने त्यांच्याकडे पाहिलं आणि कुंपणाचा विषय काढला. मी त्याला वहिवाटीच्या हक्काची आठवण दिली. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा अगदी आरंभी ज्या थोड्या प्रदेशांना लागू झाला त्यांत आमचा मध्य प्रांत होता. वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि बिनखंड वापरलेली वाट अशी सहज बंद करता येत नाही. तो म्हणाला, 'मॅडम, ते कोर्टात.' खरंच आहे, मागच्या आळीतली बाई घागर उतरवून कोर्टात कधी जाणार? म्हणून ते खरेदीखतातच लिहिलं पाहिजे, सही होण्याआधी: विहिरीची वाट, आणि झाडं. आंब्याचं झाड तोडायला १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने परवानगी लागते, पण अर्ज करून ती मिळवता येते. विकणाऱ्याने अट घातली तर तिला अधिक वजन येईल.

नागपूरच्याच एका मालगुजाराचा वाडा असा सगळ्यांचा होऊन बसला आहे. बुटीबोरीच्या नावात ज्यांचं आडनाव आहे त्या घराण्यातल्या गोपाळराव बुटींनी शिर्डीत दगडी वाडा बांधायला घेतला होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये साईबाबांनी देह ठेवला आणि त्यांची समाधी त्याच वाड्यात झाली. आज तिथे रांगेत उभ्या असलेल्या लाखो माणसांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे. त्या वाड्याच्या वाट्याला ते भाग्य आलं. मौद्याच्या या घराकडे कुणी संत येणार नाही. त्याच्यासाठी खरेदीखतातल्या दोन ओळी एवढाच उपाय आहे.

निघताना मालकीणबाई मला माडीवर घेऊन गेल्या. एका बाजूला एनटीपीसीच्या वीज केंद्राची धुराडी; २३२० मेगावॅटचं ते केंद्र आलं आणि मौद्याच्या आसपासच्या जमिनींचे भाव बदलले. दुसऱ्या बाजूला आमराईचे शेंडे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दमणीतून याच आमराईखालून आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. मी अटींचं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'विहिरीचं मी लिवून घेतो. झाडाचं सांगू नाही शकत, घेणारा भाव पाडते.' घरातल्या कुणाचंच मन न दुखवता इतकी वर्षं घर सांभाळलेल्या बाईचं ते उत्तर होतं, आणि मला ते प्रामाणिक वाटलं.

मग कलमांचं बोलणं निघालं. चार-पाच महिन्यांची पक्व काडी, कोवळ्या रोपावर कोय कलम, दिवस पावसाळ्याचे, हवेत दमटपणा असला पाहिजे. आमच्या घरामागे जागा आहे, गावच्या शाळेच्या आवारातही आहे. बाईंनी हो म्हटलं. काकाजींनी कोया पेरून ठेवल्या आहेत, रोपं वितीएवढी झाल्याचा निरोप परवा आला. व्यवहार दिवाळीनंतर व्हायचा आहे. त्याआधी शेंदऱ्या, शोप्या आणि गोटीच्या काड्या उतरवायच्या. खोबऱ्या फार उंच आहे, त्याला शिडी पुरत नाही, तर वर चढणारा एक पोरगा शोधतो आहोत. लोणच्याचं कलम काकाजी स्वतः बांधणार म्हणतात.