पांढरा शेवटी

यवतमाळ, कार्तिक

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र आणि रंगांच्या डब्याचा फोटो, दोन्ही मिळालं. लेकानं दिवाळीला आईसाठी ग्वाशचा संच आणला, हे मला फार आवडलं. हे जलरंगच का, पोस्टर कलरपेक्षा वेगळे कसे आणि आता या वयात सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंत. सवडीनं लिहिते.

या रंगांशी तुमची जुनी ओळख आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्र रंगवायला बाटलीतले पोस्टर कलर घेऊन बसायचो ना, ते याच घराण्यातले. रंगाची पूड, डिंक आणि पाणी, एवढाच मसाला. जलरंगातही तोच. पण जलरंग पातळ लावायचा असतो, त्यातून कागद दिसत राहतो आणि चित्रातला उजेड त्या कागदाचाच असतो. ग्वाशमध्ये पूड भरपूर, काही कंपन्या वरून खडूही घालतात, म्हणून तो खालचं झाकतो. पोस्टर कलर स्वस्त पडावा म्हणून त्यात खडू जास्त आणि रंगद्रव्य हलकं; सरावाला तो उत्तम, पण भिंतीवर लावलेलं चित्र उन्हानं लवकर फिकं पडतं.

डिंकाचं मात्र नीट लक्षात ठेवा. यात वापरतात तो आफ्रिकेतल्या, आपल्या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा. आपल्या जंगलातला धावड्याचा डिंक हिवाळ्यात लाडवांत जातो, हा रंगात, इतकंच. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो आणि ग्वाशचा सगळा स्वभाव त्यातून येतो. वाळलेल्या रंगाला ओला ब्रश लागला की तो सुटतो. ताटलीत सुकलेला रंग दुसऱ्या दिवशी पाणी टाकून वापरता येतो. ॲक्रिलिकचं तसं नाही. ते वाळलं की प्लॅस्टिकचा पापुद्रा, ब्रश धुवायचा राहिला तर ब्रशही गेला. तेलरंगाला वाळायला दिवसचे दिवस लागतात, घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि वर चकाकी. ग्वाशला चकाकी नाही. छापखान्यासाठी चित्रं काढणाऱ्यांना तो इतका आवडायचा तो याचसाठी: कॅमेऱ्यासमोर धरला तरी उजेड परत फेकत नाही. 'दीपावली' अंकाची जुनी मुखपृष्ठं कुणाकडे मिळाली तर चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगाचे सपाट आकार एकमेकांशेजारी कसे बसवलेत ते नुसतं बघत बसा.

ही परदेशातून आलेली नवलाई आहे असंही समजू नका. मोगल, राजस्थानी, पहाडी लघुचित्रं डिंकातल्या अपारदर्शक रंगांचीच आहेत. अजिंठ्याची चित्रंही वाळलेल्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या मातीच्या आणि दगडांच्या रंगांनी काढलेली. 1872 पासून चित्रकार ग्रिफिथ्सनं मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या चित्रांच्या नकला केल्या, त्या तेलरंगात. मेहनत अफाट, पण भिंतीवरचा तो कोरडा, मऊ पृष्ठभाग तेलात यायचा कसा?

आता मला मुद्दाम सांगायचंय ते. महाराष्ट्रात जलरंग म्हटलं की आपण पारदर्शक जलरंगच डोळ्यांपुढे आणतो. सावळाराम हळदणकरांची म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातली दिवा घेतलेली बाई बघा. ते शिखरच आहे. पण त्या पद्धतीत पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. उजेडाची जागा आधी ठरवून कोरी सोडावी लागते. आणि आपल्याकडे आत्ता बाहेर काय आहे? काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेला कापूस. शेकडो ठिपके, एकही सरळ रेषेत नाही. ते सगळे कोरे सोडून मधली काळी माती भरत बसायची म्हणजे पऱ्हाटीचं चित्र राहतं बाजूला आणि भरतकाम होतं. ग्वाशमध्ये आधी काळोख, मग उजेड. आपला जिल्हा या रंगासाठीच आहे असं मला मनापासून वाटतं.

तर पहिलं चित्र तेच करा. तुमच्या वणीच्या बाहेर कुठेही थांबलात तरी शेत आहेच. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागली असेल, पण अर्धं शेत पांढरं असतंच.

संचातले सगळे रंग काढू नका. पांढरा, अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि लेमन यलो, बस. पांढरा सगळ्यांत आधी संपेल, त्याची मोठी ट्यूब वेगळी आणा. त्यावर टायटॅनियम लिहिलेलं बघा. झिंक व्हाइट मिसळायला चांगला, पण झाकत नाही. कागद जाड, 300 जीएसएमचा, चारही बाजूंनी फळीवर टेपनं चिकटवलेला. एक चपटा ब्रश, एक गोल. पाण्याचे डबे दोन, आणि त्यातला एक फक्त पांढऱ्यासाठी.

माती काळ्या ट्यूबनं रंगवू नका, ती मेल्यासारखी दिसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारखे घ्या, ढेकळांवर ऊन आहे तिथे थोडा ऑकर. रंग ताज्या सायीइतका दाट हवा. पातळ झाला तर पट्टे पडतात, फार जाड थापला तर वाळल्यावर तडकतो. हा थर पूर्ण वाळू द्या. मग पऱ्हाटीच्या काड्या आणि लालसर पडलेली पानं.

कापूस शेवटी. सावलीतली बोंडं पांढऱ्यात कणभर निळा-तांबूस घालून, उन्हातली पांढऱ्यात नखभर ऑकर घालून. ब्रशवर रंग भरपूर, पाणी कमी. एकदा टेकवायचा आणि उचलायचा. घासलात की खालची माती विरघळून वर येते आणि कापूस राखाडी होतो. पांढरा वाळल्यावर थोडा बसल्यासारखा वाटेल, कारण यात फिके रंग वाळताना किंचित गडद होतात आणि गडद रंग फिके. म्हणून प्रत्येक मिश्रण कागदाच्या कडेला लावून, वाळल्यावरच पारखा. निव्वळ पांढरा अगदी थोड्या बोंडांवर, तुमच्या सगळ्यांत जवळच्या, दुसऱ्या हातानं.

हे दिवस सरावाला चांगले आहेत. मे महिन्यात आपल्याकडे रंग ताटलीतून कागदापर्यंत पोचेस्तोवर सुकतो. तेव्हा ताटलीत ओलं फडकं घालून त्यावर बटर पेपर ठेवावा लागतो. शेताचं जमलं की राजूरच्या चुनाभट्ट्या करा. पांढरी धूळ, कोळशाची काळी राख, मधे माणसांच्या कपड्यांचे रंग. मला स्वतःला ते फार दिवसांपासून खुणावतंय, पण तुमचं घर जवळ आहे.

चित्रं पाठवाल तेव्हा गुंडाळू नका, थर तडकतील. दोन पुठ्ठ्यांमधे सपाट ठेवा, प्रत्येकावर बटर पेपर, आणि घामाचं बोट लागू देऊ नका. फसलेलीही पाठवा. माती कुठे सुटली ते त्यांतूनच कळेल, आणि मी कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहून परत धाडीन.

दादाला नमस्कार, लेकाला आशीर्वाद.

तुमची,
नणंद