भिसे खिंडीतून गणपती नेताना

रोह्याचे एक सर श्रावणात गाडी घेऊन पेणला माझ्या गॅरेजवर आले. होंडा सिटी, २०१४ साली आलेलं सीव्हीटी मॉडेल, स्टिअरिंगमागे डावी-उजवीकडे दोन पॅडल. "मिस्त्री, चढावर नुसती रेस होते, पळत नाही. गिअरबॉक्स स्लिप होतोय." त्याआधी एका वर्कशॉपने त्यांना गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च सांगून ठेवला होता. निवृत्त माणूस, त्या आकड्याने त्यांची झोप उडाली होती.

मी गाडी खोपोली रस्त्याला काढली आणि पाय दाबला. फेऱ्यांचा काटा वर चढला, एका जागी थांबला, आणि इंजिन एकाच सुरात ओरडत असताना वेग मात्र सावकाश, न अडखळता वाढत गेला. गाडीत बिघाड नव्हता. ही गाडी अशीच चालते.

मला ते कळलं स्कूटरमुळे. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, आणि गिअर नसलेली स्कूटर घराघरांत शिरली. मी हाताखाली काम शिकत होतो तेव्हा डाव्या अंगाचं झाकण उघडलं की पट्ट्याची काळी भुकटी नखांत जायची, दोन दिवस निघायची नाही. पुढच्या पुलीच्या पोटात रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात, आणि मधला पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तोच पट्टा स्प्रिंगला फाकवून खाली उतरतो. पुढचं वर्तुळ लहान आणि मागचं मोठं असलं की चढाची ताकद. उलट झालं की पळ. या दोन टोकांच्या मध्ये कुठेही पायरी नाही. झिजलेला रोलर ओळखायचा तर तो फरशीवर सोडायचा: चांगला गडगडत जातो, झिजलेला चपट्या बाजूवर बसून राहतो. आजही पोरं शिकायला आली की मी त्यांना आधी हेच करायला लावतो.

मोटारीतल्या सीव्हीटीचं तत्त्व तेच. डच माणूस हब व्हॅन डोर्ने याने १९५८ साली आपल्या डाफ गाडीत रबरी पट्ट्याची ही रचना बसवली. पुढे पट्टा पोलादी झाला: पातळ कड्यांवर ओवलेल्या शेकडो चकत्या. स्कूटरचा पट्टा मागच्या पुलीला ओढतो. हा चकत्यांच्या रेट्याने ढकलतो. रोलरची जागा तेलाच्या दाबाने घेतली आणि दाब किती द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. पोलादावर पोलादाची पकड राहते ती याच तेलाच्या जोरावर, म्हणून त्यात भलतं तेल घालणं हा मी गुन्हा मानतो. सरांच्या गाडीचं तेल मी तेवढं बदललं.

"मग हे पॅडल कशाला दिलंय?" सरांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

पॅडल आलं शर्यतीतून. १९८९ साली फेरारीने ते फॉर्म्युला वनच्या गाडीत लावलं आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. पण त्या गाडीत खरे दात असलेले खरे गिअर होते. १९९३ मध्ये विल्यम्सने आपल्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली. इंजिन सतत आपल्या सर्वांत ताकदीच्या फेऱ्यांवर ठेवायचं आणि वेग पुलींवर सोडायचा, ही त्यामागची कल्पना. १९९४ च्या नियमांनी तिला शर्यतीत उतरूच दिलं नाही. म्हणजे पॅडल पायऱ्या मागतं आणि सीव्हीटीत पायऱ्या नाहीत. सिटीत कंपनीने सात पायऱ्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवल्या आहेत. पॅडल ओढलं की दोन्ही पुली त्या ठरलेल्या जागी जाऊन थांबतात, बस्स.

हे सरांना गॅरेजात बसून पटेना. हरतालिकेच्या दिवशी ते पेणहून मूर्ती न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "रोह्यापर्यंत चला. मूर्ती आहे, मला धीर येईल." शाडूची दीड फुटी मूर्ती, पाटाखाली पेंढा, चेहऱ्यावर रुमाल. मागे सूनबाई पाट धरून बसल्या. शाडूला धक्का सोसत नाही. सोंड किंवा बोट गेलं की गेलं.

वडखळ, नागोठणे करत आम्ही महामार्ग सोडला आणि भिसे खिंडीच्या चढाला लागलो. इंजिन ओरडायला लागताच सरांचा हात सवयीने उजव्या पॅडलकडे गेला. काटा खाली आला, आवाज मवाळ झाला, त्यांना बरं वाटलं. पण गाडी मंदावली. जिथे ताकद होती तिथून त्यांनी इंजिनाला खाली ओढलं होतं. "चढावर हात लावू नका. पाय स्थिर ठेवा, पुली आपलं बघून घेतील," मी म्हटलं. आवाज पुन्हा चढला. या वेळी त्यांनी तो चढू दिला.

माथा ओलांडल्यावर मी लिव्हर एसवर घ्यायला सांगितलं. डीमध्ये ओढलेलं पॅडल गाडी थोड्या वेळाने विसरते आणि परत आपल्या मनाने चालू लागते. एसमध्ये ती दिलेला आकडा धरून ठेवते. सरांनी डावं पॅडल घाईने लागोपाठ दोनदा ओढलं. गाडीने मान खाली घातली, आणि मागून सूनबाई "बाबा!" म्हणून ओरडल्या. त्यांनी पाट छातीशी घेतला होता. रुमाल घसरला होता, मूर्ती शाबूत होती.

"एकदा ओढा. गाडी सावरली की दुसऱ्यांदा." पट्ट्याला फिरता फिरता जागा बदलायची असते, त्याला तेवढा अवधी द्यावा लागतो. सरांनी तसं केलं. चार. मग तीन. एकदा वेग जास्त असताना दोन मागितला, तर आकडा नुसता लुकलुकला आणि गाडीने तो घेतला नाही. घेतला असता तर फेऱ्या इंजिनाच्या सोसण्यापलीकडे गेल्या असत्या.

या जिल्ह्यात उतारावर न्यूट्रल मारून गाडी सोडणारे मिनिडोर रिक्षावाले मी पाहत आलोय. चार पैशांच्या इंधनासाठी सगळा भार ब्रेकवर. त्यात आपल्याकडच्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी ओढून घेतं, ते तापलं की पेडल भुसभुशीत होतं. सीव्हीटी डीमध्येच ठेवून ब्रेकवर उतरणारेही याच वाटेने जातात. पॅडलचा खरा उपयोग इथे आहे: इंजिनाला गाडी मागे धरायला लावणं. माझ्या मते एवढ्यासाठीच ते स्टिअरिंगवर असावं, आणि गाडी विकताना हेच सांगायला हवं.

तीनवर गाडी हंबरत उतरत होती. वळणापुरता सरांचा पाय ब्रेकला हलकेच लागायचा. रुमाल पुन्हा घसरला नाही.

खाली सपाटीला लागलो तरी ते तीनवरच होते. "आता सोडा तिला," मी म्हटलं. त्यांनी लिव्हर डीवर घेतला, आकडा गेला, काटा खाली बसला, आणि मागच्या सीटवर पेंढ्याची बारीक करकर ऐकू येऊ लागली.